निळ्या गोळीत जे नाही ते

शाळेत आठवड्यातून एकदा निळी गोळी वाटली जाते. खिचडी खाऊन झाली की बाईंच्या डोळ्यांदेखत गिळायची, असा दंडक आहे. तरी काही गोळ्या गालात दडून बाहेर येतात आणि कुंपणापाशी पडतात. कुणाला मळमळतं, कुणाला शौचाला काळं होतं, कुणाची आजी ‘कसल्या गोळ्या चारतात कोण जाणे’ म्हणून नको म्हणते. या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. गरोदर बाईला तीच मात्रा लाल गोळीतून रोज, किमान १८० दिवस घ्यायची असते. गोळ्यांचं वाटप जुनंच, पण २०१८ पासून ते ‘ॲनिमियामुक्त भारत’ या नावाखाली जोरात चाललं आहे.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या पाहणीत हा आकडा ५३ होता. महाराष्ट्रात तो ४८ वरून ५४ वर गेला. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावर ही मोजणी होते, त्यामुळे आकडा फुगतो, असा तज्ज्ञांचा आक्षेप आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण फुगवटा काढून टाकला तरी चित्र काही सुखावणारं होत नाही.

अशा वेळी खापर फोडायला गोळी न गिळणारी मुलगी हाताशी असतेच. तिचं समुपदेशन करा, आईला बोलवा, आशाताईंना घरी पाठवा. हे सगळं करायला हरकत नाही. पण मला वाटतं, दोष मुलीच्या गालात शोधण्याआधी गोळीत शोधावा. गोळीत एक गोष्ट नाही. ती का असायला हवी याचा पुरावा कुठल्या परदेशी विद्यापीठातून मागवायला नको, तो पुण्याच्या रास्ता पेठेत, के.ई.एम. रुग्णालयात गोळा झालेला आहे. ती गोष्ट म्हणजे बी-१२ हे जीवनसत्त्व.

डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे मधुमेहाचे डॉक्टर. बी.जे. मेडिकलमध्ये शिकले, ऑक्सफर्डला संशोधन केलं आणि १९८०च्या दशकात पुण्याला परतून के.ई.एम.मध्ये मधुमेह विभाग उभा केला. इंग्रजी पुस्तकातला मधुमेही पन्नाशी-साठीचा आणि धिप्पाड असायचा. इथे बाह्यरुग्ण विभागात येणारा माणूस चाळिशीचा, हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे आलेलं. वजनकाट्यावर तो लठ्ठ ठरत नव्हता, तरी रक्तातली साखर चढलेली. पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी आपला दोघांचा एक फोटो छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्या चरबीचं प्रदर्शन मांडणारे डॉक्टर विरळाच, पण त्या एका छायाचित्राने जे काम केलं ते दहा तक्त्यांनी केलं नसतं.

ही चरबी येते कुठून? इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठाचे संशोधक डेव्हिड बार्कर तेव्हा एक विचित्र वाटणारी गोष्ट सांगत होते. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुइणी आणि आरोग्यसेविका बाळांची वजनं वह्यांमध्ये टिपून ठेवत होत्या. बार्करांनी त्या वह्या शोधून काढल्या, त्या बाळांचं पुढे काय झालं ते पाहिलं आणि दाखवलं की जन्मतः किंवा पहिल्या वर्षात जी मुलं वजनाने कमी होती, त्यांच्यात पुढे हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. म्हातारपणाच्या रोगाची मुळं पाळण्याच्याही आधी. पुष्कळांनी यावर नाक मुरडलं. पुण्यात मात्र या म्हणण्याची परीक्षा घेणं शक्य होतं. के.ई.एम.मध्ये जन्मलेली मुलं चार वर्षांची आणि पुढे आठ वर्षांची झाल्यावर तपासली गेली. जन्मतः लहान पण आठव्या वर्षी अंगाने भरलेल्या मुलांत, रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीराने दाद न देण्याचा दोष सर्वांत जास्त सापडला. बाळसं धरलं म्हणून आपण कौतुक करतो तीच ही मुलं.

मग १९९३ मध्ये पुण्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या सहा कोरडवाहू गावांत काम सुरू झालं. के.ई.एम.चा ग्रामीण भागाशी संबंध जुना होता, के.ई.एम.च्या डॉ. बानू कोयाजींनी पुणे जिल्ह्यातल्या वढू इथे उभ्या केलेल्या कामापासूनचा. याज्ञिकांच्या गटाने एक शहाणपणाची गोष्ट केली. गरोदर बायकांची वाट न पाहता लग्न झालेल्या सुमारे अडीच हजार बायकांची मापं आधीच घेऊन ठेवली, म्हणजे दिवस जाण्यापूर्वी ती बाई कशी होती हेही नोंदलं गेलं. सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास, उंची पाच फुटांच्या जेमतेम आत-बाहेर. पुढे जवळपास आठशे गरोदरपणं या अभ्यासात आली.

बाळ जन्मलं की तीन दिवसांच्या आत कार्यकर्ती घरी किंवा दवाखान्यात पोचायची. पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली, चिमटीत कातडी धरून तिची जाडी एका चिमट्यासारख्या उपकरणाने मोजायची. बाळ रडायचं, आजी वैतागायची. पण सगळ्यांना चकवणारा आकडा तिथेच मिळाला. ही बाळं सरासरी २.७ किलोंची, साउथॅम्प्टनची साडेतीनची. पोटाचा घेर कमी, दंड बारीक, म्हणजे यकृतासारखे अवयव आणि स्नायू कमी. पाठीवरची चरबी मात्र गोऱ्या बाळांच्या जवळपास तेवढीच. हडकुळं बाळ, तरी चरबीने भरलेलं. २००३ साली हे प्रसिद्ध झालं. याच बाळांतले मुलगे-मुली अठरा वर्षांचे झाले तेव्हा सुमारे ३७ टक्के मुलग्यांत आणि १८ टक्के मुलींत रक्तशर्करेचा दोष सापडला. ही खेड्यातली पोरं, बहुतेक सडपातळ. बर्गर-पिझ्झाच्या माथी सगळं मारणाऱ्या आपल्या सुशिक्षित गप्पांना हा आकडा पचत नाही.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती या आयांच्या ताटाची नोंद. ते काम आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांच्या गटाने केलं. आईने एकूण किती उष्मांक खाल्ले किंवा किती प्रथिनं खाल्ली, याचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध या तीन गोष्टींशी. आणि आणखी एक, जे कोणत्याही आहारतक्त्यात येत नाही: विहिरीवरून पाणी वाहणं, शेतातली अंगमेहनत, धुणं. ज्या बायकांच्या वाट्याला हे काम जास्त, त्यांची बाळं लहान. नळाचं पाणी ही पोषणाची योजना आहे असं जलजीवन मिशनवाल्यांना कुणी सांगितलं असेल का, मला शंका आहे.

आता दूध. या भागात घरोघरी गाई-म्हशी आहेत. सकाळी धार काढली की कॅन डेअरीवर जातो. उरलेल्या पावशेरात सगळ्या घराचा चहा. दूध हे खाण्याचं नव्हे तर पगाराचं साधन आहे, दर दहा दिवसांनी मिळणाऱ्या पट्टीचं. त्यामुळे म्हशीच्या मालकिणीच्या रक्तात बी-१२ नसतं, यात नवल काही नाही. बी-१२ वनस्पतींमध्ये तयार होत नाही. ते जिवाणू बनवतात आणि माणसाला ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. भाकरी, पिठलं, आमटी, ठेचा यांत ते नाही. मटण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, आणि तेव्हाही बायका शेवटी जेवणार. सहा गावांतल्या साठ टक्क्यांहून जास्त गरोदर बायकांत बी-१२ कमी निघालं. फोलेट (गोळीतलं फॉलिक ॲसिड हे त्याचंच एक रूप) मात्र जवळपास प्रत्येकीत पुरेसं होतं. ते पालेभाजीत आणि डाळीत असतं, सरकारी गोळीतही असतं.

२००८ साली या आयांची सहा वर्षांची मुलं तपासली गेली. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत इन्सुलिनचा दोष सर्वांत जास्त. शरीरात ही दोन जीवनसत्त्वं जोडीने राबतात. बी-१२ नसलं तर फोलेट एका अवस्थेत अडकून पडतं, डीएनएच्या बांधणीचं काम खोळंबतं आणि रक्तात होमोसिस्टीन हे जास्त झालं की अपायकारक ठरणारं द्रव्य साचतं. एकट्या फोलेटचा मारा करून हा खोळंबा सुटत नाही.

म्हणून फॉलिक ॲसिड बंद करा, असं मुळीच म्हणायचं नाही, हे इथेच सांगतो. १९९१च्या ब्रिटिश चाचणीने दाखवून दिलं की गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर पाठीच्या कण्याची जन्मजात व्यंगं मोठ्या प्रमाणात टळतात. आणि पुण्याच्या सहा गावांत फोलेट मुबलक असलं तरी देशात सगळीकडे तसं नाही. २०१६-१८च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात किशोरवयीनांपैकी ३७ टक्क्यांत फोलेटची कमतरता निघाली. पण त्याच सर्वेक्षणातला पुढचा आकडा पाहा. किशोरवयीनांत लोहाची कमतरता २२ टक्के, बी-१२ची ३१ टक्के. जे कमी टक्क्यांत उणं आहे त्याची गोळी देतो, जे जास्त टक्क्यांत उणं आहे ते गोळीत नाही. बरं, प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तेवढं मोजलं जातं. बी-१२ कुणी मोजत नाही, म्हणून ते कमी असल्याचं कुणाला कळत नाही, आणि कळत नाही म्हणून ते कुणी मागत नाही.

शहरातल्या बाईचं तसं नसतं. खासगी दवाखान्यात नाव घातलं की पहिल्याच तपासणीत बी-१२ पाहिलं जातं आणि लगेच इंजेक्शन सुरू होतं. पाठोपाठ गर्भसंस्काराचे वर्ग, मंत्रांची सीडी, तुपातले लाडू. हौस म्हणून त्याला माझी ना नाही. पण या वर्गांनी एक समज पसरवला आहे की बाळाचं आरोग्य आईच्या मनावर आणि शिस्तीवर अवलंबून असतं, आणि तो समज क्रूर आहे. मूल मंद निघालं किंवा कमी वजनाचं झालं की सासरी पहिला प्रश्न ‘तू नीट खाल्लं नाहीस का?’ हाच असतो. याज्ञिकांसारख्यांच्या कामाचा असाच विपर्यास व्हायची धास्ती मला वाटते. मधुमेह झालेला पंचेचाळिशीचा मुलगा उद्या आईकडे बोट दाखवेल. ज्या बाईने दूध डेअरीला घातलं ते त्याच्या फीसाठी घातलं, हे मात्र कुठल्या वहीत नोंदलेलं नसतं.

दुसरी अडचण वेळेची. आपल्या सगळ्या योजना गरोदरपणाच्या नोंदणीपाशी सुरू होतात: लाल गोळी, अंगणवाडीचा आहार, मातृवंदना योजनेचे हप्ते. ‘पहिले हजार दिवस’ ही घोषणाही गर्भधारणेपासून मोजते. गर्भातली मज्जानलिका, म्हणजे जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी, मिटते ती गर्भधारणेनंतर अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास. पाळी चुकली हे लक्षात येईतो, आशाताईला सांगेतो, नोंद होईतो ते काम केव्हाच उरकलेलं असतं.

मुंबईत डॉ. रमेश पोतदार आणि साउथॅम्प्टनच्या कॅरोलिन फॉल यांनी २००६ ते २०१२ या काळात नेमका हाच प्रश्न झोपडपट्टीतल्या साडेसहा हजार बायकांना सोबत घेऊन विचारला. पालेभाजी, फळं, दूध घातलेला समोशासारखा ताजा खाऊ रोज केंद्रात बसून खायचा, आणि तो दिवस जाण्याच्या आधीपासून. तुलनेच्या गटाला बटाटा-कांद्याचा खाऊ. निकाल सरळ नव्हता, आणि तो सरळ असल्यासारखा सांगणाऱ्यांपासून सावध राहावं. सगळ्या बायका धरल्या तर बाळांच्या वजनात फारसा फरक नव्हता. ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाल्लं, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जड होती. सर्वांत हडकुळ्या बायकांना तेवढाही फायदा दिसला नाही. मुळात पोटच भरत नसेल तर जीवनसत्त्वाने बाळ वाढत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. आणि म्हणूनच बी-१२ची गोळी हा रेशनला आणि पोटभर जेवणाला पर्याय होऊ शकत नाही. पण याच चाचणीत गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण १२.४ टक्क्यांवरून ७.३ वर आलं. ४८ ग्रॅमला हसणाऱ्यांनी या आकड्यापाशी थांबावं.

पुण्याच्या गटाने २०१२ पासून आपल्याच सहा गावांतल्या, एव्हाना सतरा वर्षांच्या झालेल्या मुला-मुलींना बी-१२ द्यायला सुरुवात केली. रोज २ मायक्रोग्रॅम, म्हणजे औषध म्हणावं एवढीही मात्रा नव्हे, एका दिवसाच्या गरजेएवढी. त्या मुलींची लग्नं झाली, मुलं झाली. बाळांच्या जन्मवजनात फरक पडला नाही. दोन वर्षांच्या वयात बोलणं आणि समज यांच्या चाचण्यांत बी-१२ घेतलेल्या आयांची मुलं सरस निघाली. मुलांची संख्या थोडी होती, यावरून देशाचं धोरण ठरवायचं का, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच, की बी-१२ देण्याचं कारण पुढच्या पिढीचा मेंदू हे एकटं नाही. रक्ताच्या पेशी तयार व्हायला ते लागतं आणि नसांना ते लागतं. ज्या मुलीला दिलं जाईल तिला स्वतःला ते हवं आहे, ती आई होवो न होवो. तेरा वर्षांच्या मुलीकडे भावी गर्भाशय म्हणून पाहणारी योजना मलाही खटकते. पण उणीव तिच्या रक्तात आहे आणि तिच्या भावाच्याही. अठरा वर्षांच्या मुलग्यांचा तो ३७चा आकडा विसरू नये.

सरकारने काहीच केलं नाही, असंही नाही. रेशनच्या फोर्टिफाइड तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ ही तिन्ही घालायचं ठरलं. मानक पाहा: किलोमागे ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम बी-१२. माणशी पाच किलो म्हणजे दिवसाला साधारण १६६ ग्रॅम तांदूळ, त्यातून हाती लागतं फार तर ०.२ मायक्रोग्रॅम. गरज दोनच्या वर. दशांशही भागत नाही, आणि ज्वारी-बाजरीच्या पट्ट्यात तो तांदूळ किती घरांत शिजतो हा वेगळाच प्रश्न.

मग अंडं. एका अंड्यात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम बी-१२ असतं, शिवाय उत्तम प्रथिनं. तमिळनाडूच्या शाळांत आठवड्यातून पाच अंडी मिळतात, कर्नाटकाने २०२४ मध्ये सहा दिवसांची सोय केली. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं देण्याचं ठरवलं. लगेच काही धार्मिक संघटनांनी विरोध केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्याचा निधीच काढून घेतला. हवं तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. जे अंडं खात नाहीत त्यांना केळं द्यायची तरतूद होती. केळ्यात बी-१२ शून्य. शाकाहारी मुलाच्या श्रद्धेचा मान राखायलाच हवा, पण मग त्याच्या हाती दुधाचा पेला किंवा दह्याची वाटी यायला हवी. केळं देणाऱ्याने अंड्याच्या बदल्यात फळ दिलं, पोषण नाही. दुधाच्या दरासाठी रस्त्यावर दूध ओतण्याची आंदोलनं याच राज्यात होतात. तेच दूध शाळेच्या पातेल्यात घ्यायला सरकारला काय आड येतं, हे मला आजवर उमगलेलं नाही.

गोळीचा प्रश्न तर याहून सोपा आहे. आतडं एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच बी-१२ नेमाने शोषतं, म्हणून आठवड्याच्या गोळीने भागणार नाही, असा मुद्दा निघतो. पण मात्रा मोठी असली की त्यातला साधारण एक टक्का आपसूक झिरपून रक्तात जातो. ५०० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून त्या वाटेने पाचेक मायक्रोग्रॅम मिळतं. म्हणजे आठवड्याची गरज पुरी होत नाही, तरी मोठा भाग भागतो, आणि राहिलेलं अंड्या-दुधाने भरून निघू शकतं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बहुतेक टॉनिकांत बी-१२ आधीपासूनच असतं. गोळीचा नुस्खा केंद्र ठरवतं हे खरं. राज्याला निदान एका जिल्ह्यात प्रयोग करायला कुणी अडवलेलं नाही. पुणे जिल्हाच घ्या. तीस वर्षांच्या नोंदी आहेत, माहीतगार माणसं आहेत, आणि ज्या बाळांच्या पाठीची कातडी चिमटीत धरून मोजली होती ती आता स्वतः आई-बाप झालेली आहेत. निळ्या गोळीत बी-१२ घालावं, आठवड्यातून किमान तीन दिवस अंडं किंवा दूध द्यावं, आणि हिमोग्लोबिनच्या जोडीला बी-१२ही मोजावं. तीन वर्षांनी आकडे मांडावेत. फरक पडला नाही तर तसं जाहीर करावं.

वेळ फार नाही. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आज आठवीत बसून निळी गोळी गिळणाऱ्या पाच मुलींपैकी एकीच्या हातात बी-१२ची उणीव भरून काढायला चार-पाच वर्षं आहेत. तिची गरोदरपणाची नोंद व्हायची वाट बघत आपण बसलो, तर ती वर्षं तशीच जातील.